देश तसा वेश... पण कुठला देश?

पुण्यात वेष करून हिंडायला कुणाचीच बंदी नाही. अट एकच. तो वेष सगळ्यांनी एकाच दिवशी केलेला असला पाहिजे!

पटत नाही? आठवून बघा. पाडव्याला लक्ष्मी रोडवर नऊवारी, नथ, गॉगल आणि खाली बुलेट... आपण टाळ्या वाजवतो. शिवजयंतीला चार वर्षांचं पोर जिरेटोप घालून बाबांच्या खांद्यावर बसलेलं असतं, आपण हसून त्याला मुजरा करतो. १९ ऑक्टोबर २०२३ ला गहुंज्याच्या स्टेडियमवर वर्ल्ड कपची भारत-बांगलादेश मॅच होती. त्या दिवशी आमच्या ऑफिसमधली निम्मी टीम निळी जर्सी घालून सकाळच्या मीटिंगला उभी होती. पाठीवर 'विराट १८'. पन्नाशी ओलांडलेले आमचे मॅनेजर गालावर तिरंगा रंगवून क्लायंटच्या कॉलवर बसले होते. कुणी हूं की चूं केलं नाही. (कोहलीनं नाबाद १०३ काढले आणि आपण जिंकलो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही काही जण त्याच जर्सीत!)

आणि स्कार्फ? पुण्यातली मुलगी टू-व्हीलर काढते तेव्हा डोळे सोडून बाकी सगळा चेहरा गुंडाळलेला असतो. एखादा जपानी माणूस बघेल तर म्हणेल, काय शहर आहे, इथले निंजे रोज क्लासला जातात!

म्हणजे वेषाचं आपल्याला वावडं नाही. आपली गोची होते ती एकट्या माणसाच्या वेषानं. सण नाही, मॅच नाही, गॅदरिंग नाही, आणि तरीही कुणीतरी साध्या शुक्रवारी भलतंच काहीतरी घालून आपल्या शेजारच्या सीटवर येऊन बसलं, की आपण काय करायचं हेच आपल्याला कळत नाही. बघायचं? न बघितल्यासारखं करायचं? हसायचं? फोटो काढायचा? आणि ज्यानं तो वेष केलाय, त्यानं काय करायचं?

हा प्रश्न माझ्या घरात आला तो २०२५ च्या सप्टेंबरमध्ये. त्या वर्षी अनंत चतुर्दशी होती ६ तारखेला. पांढरे कुर्ते, फेटे, कमरेला शेले बांधलेली हजारो पोरं-पोरी ढोल घेऊन रस्त्यावर होती. मिरवणूक तीस तासांच्या वर चालली. आणि बरोब्बर सहा दिवसांनी, १२ तारखेला, 'डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल' हा जपानी अ‍ॅनिमे सिनेमा आपल्याकडे लागला. घरात कॉलेजात जाणारं कुणी असेल तर तुम्हाला हे सांगायला नकोच. नसेल तर थोडक्यात सांगते. तांजिरो नावाचा कोळसा विकणारा एक साधा मुलगा. राक्षसांनी त्याचं घर संपवलंय, बहीण स्वतःच राक्षस झालीये आणि तिला परत माणूस करण्यासाठी तो तलवार घेऊन निघालाय. या सिनेमाचे शो चक्क पहाटेपासून लागले होते. आणि माझ्या एकोणीस वर्षांच्या भाचीला सकाळी सहाच्या शोला तांजिरो होऊन जायचं होतं!

आदल्या रविवारी ताईचा फोन.

"अगं, तू तरी समजाव तिला. कॉलेजचं गॅदरिंग आहे का हे? हिरव्या-काळ्या चौकड्यांचा झगा घालून जाणार म्हणते. आणि वर परत येताना मेट्रोनं येणार!"

मागून भाचीचा आवाज, "झगा नाही आई, हाओरी! माऊ, तू सांग ना हिला."

आता मी कुणाची बाजू घेणार? दोन्हीकडून फराळाचे डबे येतात. मी म्हटलं, तिच्याबरोबर मीच जाते. ताई गप्प झाली, पण तिचं टेन्शन गेलं नव्हतं. ते मला कळत होतं. 'लोक काय म्हणतील' हे आपण उगाचच म्हणतो हो. त्याच्या खाली दुसरंच वाक्य असतं, 'लोक काय करतील'. मुलीची आई असलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

पण पहिल्या वाक्याचा समाचार घेणं भागच होतं. म्हणून मी ताईला १९९५ सालच्या एका लग्नाची आठवण करून दिली. 'हम आपके हैं कौन' आदल्या वर्षी येऊन गेला होता आणि ताईनं मामेबहिणीच्या लग्नात माधुरीसारखीच जांभळी साडी पाहिजे म्हणून दोन दिवस अन्नत्याग केला होता. शेवटी आईनं साडी आणली, पण ब्लाउजची पाठ मात्र मानेपर्यंत बंद शिवून घेतली! त्या मांडवात जांभळ्या साडीतल्या आणखी चार जणी होत्या, हे मला अजून आठवतंय.

"ते वेगळं," ताई म्हणाली. "ते लग्न होतं."

बघा, म्हणजे हरकत वेषाला नव्हतीच. हरकत होती प्रसंग नसण्याला.

खरं तर आवडत्या कलाकारासारखं किंवा पात्रासारखं नटून चारचौघांत जायचं, हे काही आजच्या पोरांनी काढलेलं खूळ नाही. शंभर वर्षांपूर्वी बालगंधर्व स्टेजवर ज्या तऱ्हेनं साडी नेसत, जो गजरा माळत, ते बघून घरंदाज बायका आपलं नेसणं, आपली केशभूषा बदलत होत्या. एका पुरुषाकडून बायका नटायला शिकल्या! मग राजेश खन्नाचा गुरू कुर्ता आला, साधना कट आला. आणि गंमत ऐका. भाचीच्या त्या हिरव्या-काळ्या चौकड्या आहेत ना, त्या नक्षीला जपानीत 'इचिमात्सु' म्हणतात. हे नाव आहे अठराव्या शतकातल्या साऩोगावा इचिमात्सु या काबुकी नटाचं. त्यानं स्टेजवर चौकड्यांचं वस्त्र घातलं आणि लोक त्याच्यावर इतके फिदा झाले की सगळेच चौकड्या घालू लागले. पुढे टोकियो २०२० ऑलिंपिकच्या बोधचिन्हातही याच चौकड्या आल्या. म्हणजे फॅन लोकांनी उचललेला वेष अडीचशे वर्षांत देशाची ओळख झाला!

भाचीनं कापड रविवार पेठेतून आणलं होतं. ड्रेपरीवाल्याकडे भाड्यानं काही मिळालं नाही. त्यांच्याकडे शिवाजी महाराज, झाशीची राणी, फार तर परी आणि वाघ. जपानी पोरगं कुठून असणार? मग तिनं स्वतःच शिवलं. कपाळावर लाल व्रण रंगवला, कानात पत्त्यांसारखी कानातली. पहाटे सव्वापाचला ती जिना उतरून आली आणि मला म्हणाली, "माऊ, हसू नकोस हं."

मी हसले नाही. खरंच छान दिसत होती.

नगर रोडच्या त्या मल्टिप्लेक्समध्ये पोचलो तर काय, सगळीकडे हाओऱ्याच हाओऱ्या! फुलपाखराच्या पंखांच्या, पिवळ्या त्रिकोणांच्या, ज्वाळांच्या. एक मुलगा तोंडात बांबूची नळी बांधून पॉपकॉर्नच्या रांगेत उभा होता आणि ते खायचं कसं या विवंचनेत होता. तिथे विचित्र कोण दिसत होतं सांगू? मी! सलवार-कुर्ता, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड. दोन पोरींनी मला विचारलंसुद्धा, "मॅम, तुम्ही कोण झालात?" मी म्हटलं, "सॉफ्टवेअर टेस्टर." त्या हसल्या, पण मला जागेवरच कळलं की देश तसा वेश या म्हणीतला देश दर दोन किलोमीटरला बदलतो.

पावणेनऊच्या सुमारास सिनेमा सुटला आणि आम्ही त्या देशाची हद्द ओलांडून मेट्रो स्टेशनात शिरलो. सकाळची ऑफिसची गर्दी. इथे मी भाचीकडे लक्ष देऊन बघत होते, आणि जे बघितलं त्यानं मी जाम इम्प्रेस झाले.

तलवार तिनं घरीच ठेवली होती. फोमची होती, पण "सिक्युरिटीच्या दादांना ही खोटी आहे हे समजावत बसायचं आणि मागची रांग खोळंबवायची, कशाला?" असं तिचं म्हणणं. थिएटरमधून निघतानाच केसांचा टोप काढून पिशवीत टाकला. हाओरीच्या रुंद बाह्या शेजाऱ्याच्या डब्यावर, लॅपटॉपवर जाऊ नयेत म्हणून दुमडून पिना लावल्या. सॅक पुढे घेतली. एक म्हातारे गृहस्थ चढल्यावर उठून जागा दिली. मी विचारलं, हे सगळं कुणी शिकवलं? तर म्हणे, या जगाचे नियम असतात, माऊ.

आणि खरंच असतात! टोकियोत १९७५ पासून 'कॉमिकेट' नावाचा कॉमिक्सचा प्रचंड मेळा भरतो. तिथे वेष केलेल्यांना पहिला नियम हाच की घरून वेष करून यायचं नाही आणि वेषात घरी जायचं नाही. आत येऊन कपडे बदलायचे, जाताना परत साधे घालायचे. ज्या देशात हे खूळ सर्वांत जास्त, तिथेच ही शिस्त. उलट अमेरिकेची तऱ्हा वेगळी. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथाप्रेमींचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तेव्हा फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघंच भविष्यकाळातल्या माणसांचे कपडे घालून आले, आणि अ‍ॅकरमन तर त्याच वेषात शहराच्या रस्त्यांवरून हिंडला. भाचीनं या दोन टोकांच्या मधला पुणेरी तोडगा काढला होता. वेष अंगावर, पण गर्दीत आवरता घेतलेला.

तरी लोक बघत होतेच. बघणारच. समोरच्या आजींनी कपाळावरचा व्रण बघून काळजीनं विचारलं, "बाळ, लागलं का गं कुठे?" भाचीनं त्यांना सगळी कथा सांगितली, अगदी कोळशापासून. आजींनी शेवटी विचारलं, "मग बहीण बरी झाली का?" भाची म्हणाली, "अजून सिनेमे यायचेत, आजी." एक छोटा मुलगा आईच्या मागे लपून "तांजिरो, तांजिरो" कुजबुजत होता. भाचीनं आधी त्याच्या आईकडे बघितलं, तिनं मान डोलावल्यावर मग खाली बसून त्याच्याशी हात मिळवला.

आणि मग तो माणूस दिसला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, फोन छातीशी धरलेला. कॅमेरा भाचीकडे. तो मेसेज वाचत नव्हता हे कुणालाही कळलं असतं. माझं डोकं तडकलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात भाचीच त्याच्याकडे वळली आणि अगदी शांत आवाजात म्हणाली, "काका, फोटो हवाय का? विचारा ना, मी नीट उभी राहते. पण न विचारता काढलेला डिलीट करा, प्लीज."

अख्खा डबा ऐकत होता. काकांनी "नाही नाही, सहज..." असं काहीतरी म्हणत फोन चाळला आणि खिशात घातला. आजी मोठ्यानं म्हणाल्या, "डिलीट झालाय का बघून घे गं." काकांनी परत फोन काढला आणि दाखवला. झाला होता.

पूर्ण पाच सेकंदांचा प्रकार. पण ताईच्या पोटात जो गोळा होता, तो याचाच होता. आणि इथे मला आपल्या सगळ्यांशी बोलायचंय. कारण वेष केलेल्या माणसानं कसं वागावं यावर आपण भरपूर बोलतो, पण बघणाऱ्यानं कसं वागावं यावर कुणीच बोलत नाही. न्यूयॉर्क कॉमिक कॉनमध्ये २०१४ साली ठिकठिकाणी मोठे बोर्ड लावले होते. त्यांचा मथितार्थ असा, वेष केलाय याचा अर्थ परवानगी दिलीय असा नाही. फोटोची नाही, हात लावायची तर नाहीच नाही. आपल्याकडे असा बोर्ड कुठे लावायचा म्हणाल तर विसर्जन मिरवणुकीपासून सुरुवात करता येईल. ढोल वाजवणाऱ्या मुलीचा घामेजलेला चेहरा झूम करून काढणारे थोडे आहेत का?

पण वेष करणाऱ्याचीही जबाबदारी असते, आणि ती मला जपान्यांनी नाही, ढोलपथकानं शिकवली. कॉलेजात असताना मी तीन वर्षं एका पथकात ताशा वाजवला. आमच्या पथकप्रमुखांचा दंडक होता की गणवेश अंगावर असताना टपरीवर उभं राहायचं नाही, शिवी द्यायची नाही, सिग्नल तोडायचा नाही. "शेला काढा आणि मग काय ते करा," असं ते म्हणायचे. कारण साधं होतं. शेला बांधला की लोक तुम्हाला बघत नाहीत, पथकाला बघतात. सिनेमातल्या पात्राचंही तेच. तांजिरोच्या वेषात तुम्ही कंडक्टरशी हुज्जत घातली तर कंडक्टर घरी जाऊन सांगणार, ती कार्टून झालेली पोरं फार उद्धट असतात बरं का! आणि वेष महाराजांचा असेल तर विचारूच नका. जिरेटोप घालून पाणीपुरी खाताना तुम्हालाच घास उतरायचा नाही.

दुसरी गोष्ट शिकावी ती बहुरूप्याकडून. तुम्ही लहानपण गावाकडे काढलं असेल तर पोलीस होऊन आलेला बहुरूपी आठवत असेल. दारात येऊन दरडावायचा, घरातली म्हातारी घाबरायची, आणि शेवटी तो हात जोडून हसायचा. सगळे हसायचे, मग त्याला काहीतरी मिळायचं. त्याचा खेळ पूर्ण व्हायचा तो शेवटी 'हा वेष आहे' हे उघड झाल्यावर. म्हणून ज्या वेषावर लोक खरोखर विसंबून असतात, म्हणजे पोलीस, जवान, डॉक्टर, तो रस्त्यावर घालून मिरवायचा नाही. फसवण्याच्या हेतूनं पोलिसाचा किंवा जवानाचा पोशाख घालणं हा तर कायद्यानं गुन्हाच आहे. चेहरा पूर्ण झाकणारा मुखवटाही गर्दीत उतरवून हातात घ्यावा. समोरच्याला तुमचे डोळे आणि हसू दिसलं की त्याची अर्धी भीती जाते.

आणि तिसरी गोष्ट, जागा. अमेरिकेत १९९६ मध्ये व्हाइटवॉटर खटल्यात बार्बरा अ‍ॅडम्स नावाच्या ज्यूरर रोज 'स्टार ट्रेक'चा युनिफॉर्म घालून कोर्टात येत. पुढे त्यांना ज्यूरीतून काढलं ते या युनिफॉर्मसाठी नव्हे, तर टीव्हीला मुलाखत दिली म्हणून! पण जगाला आठवतो तो युनिफॉर्मच. मला विचाराल तर कोर्ट, हॉस्पिटल, कुणाच्या मयताला जाणं, नोकरीचा इंटरव्ह्यू, इथे आपल्या आवडीला थोडी सुट्टी द्यावी. तिथे समोरचा माणूस स्वतःच्या काळजीत असतो. आपल्या खेळात भाग घ्यायची त्याची त्या दिवशी तयारी नसते. मेट्रोत, बागेत, चहाच्या टपरीवर, बसस्टॉपवर मात्र बिनधास्त! बसस्टॉप काही कुणाच्या तीर्थरूपांचा नाही.

गाडी महापालिका सोडून छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनात शिरत होती तेव्हा भाचीनं मला बाहेर बघायला लावलं. या स्टेशनचं आणि पुढच्या डेक्कनचं छत मावळ्यांच्या पगडीवरून घेतलंय. "बघ माऊ," ती म्हणाली, "आख्खं स्टेशन वेष करून बसलंय, त्याला कुणी काही बोलतं का?" खाली रस्त्यापलीकडे बालगंधर्व रंगमंदिर. म्हटलं बाई, आता मी काय बोलणार, अगदी योग्य जागी पकडलंस!

नळ स्टॉपला उतरून घरी आलो. ताई दारातच. तिनं आधी लेकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, सगळं जागच्या जागी आहे ना याची खात्री केली. मी मेट्रोतल्या काकांची गोष्ट सांगितली. लपवायचं कारणच नव्हतं. ताईचा चेहरा क्षणभर उतरला, मग तिनं विचारलं, "नक्की काय म्हणालीस त्याला? परत सांग." भाचीनं परत सांगितलं. ताईनं ते तिसऱ्यांदाही ऐकून घेतलं. मग हाओरीची बाही हातात धरून उलटी करून बघितली आणि म्हणाली, "अस्तर नाही लावलंस. दोन धुण्यांत पार चोळामोळा होईल याचा. काढ इकडे."

पुढच्या सिनेमापर्यंत अस्तर लागलेलं असेल, यात मला शंका नाही. ताई बरोबर येईल का, हे मात्र आत्ताच सांगता येत नाही. जांभळी साडी अजून कपाटात आहे, एवढंच सांगते.

तुमच्याही शेजारी एखाद्या दिवशी असं कुणीतरी येऊन बसेल. निळ्या केसांचं, पाठीवर पंख लावलेलं, नाहीतर एकटंच फेटा बांधून निघालेलं. तेव्हा फोन खिशातच राहू द्या. शाळेच्या फॅन्सी ड्रेसमध्ये बिचकून उभ्या असलेल्या पोराला आपण सगळेच एक प्रश्न विचारतो, तोच इथेही विचारा. हसून, माणसाकडे बघून. "कोण झालायस रे तू?"

उत्तर बरंच लांबेल. तुमचं स्टेशन येईपर्यंत पुरेल.